साय-फाय फिगर्सचा सेट पारखायचा कसा

विज्ञानपटातल्या पात्रांच्या फिगर्सचा, म्हणजे खेळण्यातल्या छोट्या प्लास्टिकच्या मूर्तींचा, सेट समोर मांडला की नजर आधी चेहऱ्यांवर जाते. पारख मात्र हातांपासून सुरू करावी. हातात काय आहे, काय असायला हवं होतं, आणि जे आहे ते त्याच फिगरबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेलं आहे का? फिगर मुलांनी सांभाळल्या, पण बोटाच्या पेराएवढ्या बंदुका पहिल्या आठवड्यातच हरवल्या. त्यामुळे काही पात्रांच्या बाबतीत अस्सल शस्त्र मिळवणं फिगर मिळवण्यापेक्षा अवघड असतं, आणि नकला करणाऱ्यांचंही सगळं लक्ष या छोट्या वस्तूंकडेच असतं.

खाली मुख्य उदाहरण केनर या अमेरिकन खेळणी कंपनीच्या 1978 ते 1985 या काळातल्या ‘स्टार वॉर्स’ फिगर्सचं घेतलं आहे. सर्वांत जास्त प्रकार आणि सर्वांत जास्त नकला याच मालिकेत सापडतात, म्हणून एकदा हिच्यावर हात बसला की मेगो कंपनीच्या 8 इंची ‘स्टार ट्रेक’ फिगर्स किंवा केनरचा 1979 चा 18 इंची एलियन तपासणं जड जात नाही. आजकालच्या मोठ्या फिगर्सची दुखणी वेगळी आहेत. त्यांच्याकडे शेवटी वळू.

टेबलावर काय हवं

10 पट मोठं दाखवणारं भिंग, 365 नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, एक साधी पांढरी टॉर्च, 0.1 मिमीपर्यंत मोजणारा कॅलिपर, नायट्राइलचे हातमोजे आणि अंथरायला मॅट पांढरा कागद. सुती मोजे टाळा. बारीक भाग त्यांत अडकतात आणि हातातून निसटतात. या सगळ्यांहून उपयोगी वस्तू म्हणजे खात्रीचा नमुना: त्याच काळातली, त्याच कंपनीची एक तरी फिगर किंवा शस्त्र, ज्याच्या अस्सलपणाबद्दल शंका नाही. पुढच्या जवळपास प्रत्येक चाचणीचा अर्थ तुलनेतूनच लागतो.

उजेड खिडकीचा घ्या, पण थेट ऊन नको. पिवळसर दिव्याखाली पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरंच दिसतं. हौशी खरेदीदाराची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

पायावरची अक्षरं

केनरच्या साडेतीन-पावणेचार इंची फिगरच्या पायाच्या मागच्या बाजूला कॉपीराइटची ओळ असते. सुरुवातीच्या फिगर्सवर ‘जीएमएफजीआय 1977’ अशी अक्षरं दिसतात. ती जनरल मिल्स फन ग्रुप या केनरच्या तेव्हाच्या मालक-कंपनीची आद्याक्षरं. नंतरच्या अनेक फिगर्सवर ‘एलएफएल’, म्हणजे लुकासफिल्म. सोबत बहुधा हाँगकाँग, तैवान यांसारखं देशाचं नाव असतं. काहींवर ते साच्यातच खोडलेलं असतं, काहींवर मुळीच नसतं. देशाचं नाव नाही एवढ्यावरून फिगर नकली ठरवू नका.

इथलं वर्ष हे कॉपीराइटचं वर्ष आहे, उत्पादनाचं नव्हे. तोच साचा वर्षानुवर्षं चालला, म्हणून 1983 साली बनलेल्या स्टॉर्मट्रूपरच्या पायावरही 1977 च असतं. ‘पायावर 1977 आहे, म्हणजे पहिल्याच खेपेतली’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ती फक्त विक्रीची भाषा समजा.

अक्षरं भिंगाखाली पाहा. धातूच्या साच्यातून थेट आलेल्या अक्षरांच्या कडा टोकदार असतात. अस्सल फिगरवरून सिलिकॉनचा साचा घेऊन ओतलेल्या प्रतीत त्या गोलसर, विरघळल्यासारख्या दिसतात आणि आजूबाजूला टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे सापडतात. ओतीव प्रत मूळ वस्तूपेक्षा किंचित लहानही होते, कारण रेझिन घट्ट होताना आकसतं. फरक डोळ्यांना कळत नाही. नमुन्याशेजारी कॅलिपर लावला तर कळतो.

2019 पासून हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने जुन्याच बांधणीच्या फिगर जुन्या वळणाच्या कार्डांवर (फिगर ज्यावर चिकटवून विकतात तो जाड कागद) ‘रेट्रो कलेक्शन’ म्हणून पुन्हा काढल्या. त्या अधिकृत आहेत, पण जुन्या नाहीत. कार्डातून काढून, थोड्या घासून जुन्या म्हणून खपवलेल्या फिगरवर पायाची अक्षरं लगेच सत्य सांगतात. ती तासून टाकलेली दिसली तर फिगर तिथेच बाजूला ठेवा.

यादी आधी, दर नंतर

पूर्ण सेट म्हणजे नक्की किती वस्तू, हे कागदावर लिहा. केनरच्या पहिल्या बारांचा हिशेब असा:

ल्यूक: पिवळी सरकती तलवार, हातातच बसवलेली.
लिया: बंदूक आणि पांढरा व्हिनाइलचा केप.
हान सोलो: बंदूक.
च्युबाका: धनुष्यासारखं शस्त्र.
डार्थ व्हेडर: लाल तलवार, काळा व्हिनाइल केप.
बेन केनोबी: निळी तलवार, तपकिरी व्हिनाइल केप.
स्टॉर्मट्रूपर आणि डेथ स्क्वाड कमांडर: प्रत्येकी एक बंदूक. दोघांची बंदूक एकाच साच्यातली.
जावा: छोटी बंदूक आणि कापडी झगा.
सँड पीपल: काठीसारखं शस्त्र, व्हिनाइल केप.
आर-टू-डी-टू आणि सी-थ्री-पीओ: सोबत काहीच नाही.

बेरीज केली तर 12 फिगर, 12 सुट्या वस्तू आणि 3 तलवारी. एकूण 27 नोंदी. ‘बाराच्या बारा पूर्ण’ असं म्हटलं जातं तेव्हा या 27 पैकी किती हजर आहेत आणि त्यांतल्या किती अस्सल आहेत, हे दोन वेगळे आकडे लिहा. या दोन आकड्यांमधलं अंतर हेच बहुतेक सौद्यांचं मर्म असतं.

तलवारी पुढे सरकवून बघा, पण टोकाला धरून कधीही ओढू नका. हाताच्या खालच्या खाचेतल्या पकडीने हळूच ढकला. टोकाकडचा बारीक भाग सर्वांत आधी तुटतो, आणि तुटलेली तलवार आत ढकललेली असेल तर वरून काहीच समजत नाही. अगदी सुरुवातीच्या काही ल्यूक, व्हेडर आणि बेन यांच्या तलवारीत आतून आणखी एक बारीक कांडी बाहेर येते. ही दुहेरी तलवार फार दुर्मिळ आहे आणि तिच्या नकला मुबलक. दुहेरी तलवार दिसली की आनंदाआधी संशय आला पाहिजे.

जावाचंही तसंच. पहिल्या थोड्या जावांना व्हिनाइलचा केप होता, नंतर कापडी झगा आला. बेनचा तपकिरी व्हिनाइल केप कापून जावाला चढवण्याची युक्ती खूप जुनी आहे. कापलेल्या कडेवर भिंग धरलं तर कात्रीची रेघ वेडीवाकडी दिसते. पण रेघ सरळ असली म्हणून केप अस्सल, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. व्हिनाइल केपचा जावा जाणकार ग्रेडिंग संस्थेच्या (वस्तू तपासून तिला गुण देणाऱ्या संस्थेच्या) दाखल्याशिवाय ‘कापडी झगा हरवलेला जावा’ याच भावाने मोजा.

काही गोष्टी मुळातच अशक्य असतात, त्या पाठ करून ठेवाव्यात. स्नॅगलटूथ या पात्राची निळी फिगर 1978 मध्ये सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीच्या कँटिना सेटबरोबर मिळत होती, कार्डावर कधीच नव्हती. म्हणजे कार्डावरचा निळा स्नॅगलटूथ ही बनवलेलीच वस्तू. पाठीवरून रॉकेट उडवणारा बोबा फेट 1979 मध्ये जाहीर झाला, पण मुलांच्या घशात अडकण्याच्या भीतीने नमुन्यांपलीकडे गेलाच नाही. घराघरात पोचलेल्या बोबाचं रॉकेट पक्कं बसवलेलं आहे. जुन्या खेळण्यांच्या खोक्यात रॉकेट उडवणारा बोबा ‘सापडला’ म्हणून कुणी सांगितलं तर ती गोष्ट चवीने ऐकावी, पाकीट खिशातच ठेवावं.

शस्त्र अस्सल की रिप्रो

पाण्यात टाकायची चाचणी सगळ्यांनी ऐकलेली असते: तरंगलं तर अस्सल, बुडालं तर नकली. तिच्यावर विसंबू नका. बुडणारी अस्सल शस्त्रंही आहेत आणि तरंगणारी रिप्रोही (रिप्रो म्हणजे रिप्रॉडक्शन, मागाहून बनवलेली नक्कल). शिवाय एवढी हलकी वस्तू पाण्याच्या पृष्ठताणामुळेच वर राहू शकते. बोटाने बुडवून सोडल्याशिवाय तर या चाचणीला काहीच अर्थ नाही, आणि बुडवूनही ती पुरावा ठरत नाही.

त्यापेक्षा चार गोष्टी एकत्र पाहा. पहिली, साच्याच्या दोन भागांची जोडरेघ: अस्सल शस्त्रावर ती बारीक आणि एकसारखी, रिप्रोवर बहुधा जाड किंवा तासलेली. दुसरी, खोदकाम: नळीवरच्या खाचा, दुर्बिणीचा उंचवटा, मुठीवरच्या रेषा. तिसरी, चमक: अस्सल काळ्या प्लास्टिकला मंद सॅटिनसारखी झाक असते, रिप्रो फार चकचकीत किंवा खडूसारखं कोरडं दिसतं. चौथी, यूव्ही उजेडात नमुन्याशी तुलना. छटेच्या फरकाने घाबरू नका. मूळ शस्त्रं काळ्या आणि निळसर काळ्या अशा दोन्ही छटांत सापडतात.

चारपैकी एका बाबतीत शंका आली तर ‘अनिश्चित’ लिहा, दोनांत आली तर ‘रिप्रो’. किंमत लावताना अनिश्चित वस्तू शून्य धरायची.

प्लास्टिकची तब्येत

जुन्या पावणेचार इंची माणसांना पाच सांधे असतात: मान, दोन खांदे, दोन जांघा. आर-टूला घुमट आणि पाय एवढंच. घुमट फिरवला की कटकट असा आवाज यायला हवा. फिगर सपाट काचेवर आधाराशिवाय उभी करा. पाय ढिले असतील तर ती पुढे झुकते किंवा मागे कोसळते. हात वर करून सोडा, आपोआप खाली आला तर खांदा झिजलेला आहे. अचानक घट्ट लागला तर सांध्यात नेलपॉलिश किंवा गोंद भरलेला असू शकतो. सांध्याच्या फटीत टॉर्च मारा, चमकदार पापुद्रा दिसेल. तसं असेल तर ती ‘दुरुस्त केलेली’ फिगर, आणि नोंद तशीच करायची.

अडकलेला सांधा जोराने फिरवू नका. प्लास्टिक थंड असताना पिळलं की खुंटी तुटते. हेअर ड्रायरच्या कोमट झोताने अर्धा-एक मिनिट ऊब द्या आणि मग हलकेच हलवा. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूवर मात्र हा प्रयोग विचारल्याशिवाय करायचा नाही.

पिवळेपणा स्टॉर्मट्रूपर आणि लियावर सर्वांत आधी दिसतो. धड आणि हातपाय वेगवेगळ्या प्लास्टिकचे असल्याने ते सारखे पिवळे पडत नाहीत. छाती हस्तिदंती आणि पाय पांढरे हे नैसर्गिक वार्धक्य. उलट सगळी फिगर एकसारखी, निळसर झाक असलेली पांढरीशुभ्र किंवा ढगाळ डागांची दिसली, तर ती हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलेली असण्याची शक्यता मोठी. या उपायाने रंग उजळतो, पण काही काळाने पिवळेपणा परतू शकतो आणि प्लास्टिकचा पृष्ठभाग कमजोर होतो. विक्रेत्याने हे सांगितलेलं नसेल तर बाकी माहितीवरही किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.

चिकटपणा हा वेगळा रोग. मऊ व्हिनाइलमध्ये लवचीकपणासाठी घातलेलं द्रव्य वर्षांनुवर्षं पृष्ठभागावर पाझरतं. ते चिकट लागतं किंवा गडद भागांवर पांढुरकी साय धरतं. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब यांनी ते निघतं, पण पुन्हा येतं. हेच द्रव्य केपमधून फिगरच्या खांद्यावर उतरलं की कडक प्लास्टिकवर चकाकणारे, किंचित वितळल्यासारखे पट्टे उमटतात. म्हणून केप काढून खांदे पाहिल्याशिवाय ‘उत्तम स्थिती’ असं लिहायचं नाही.

सी-थ्री-पीओ आणि डेथ स्टार ड्रॉइडवरची चमक हा साधा रंग नाही, निर्वात कक्षात चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर आहे. छातीचा मध्य, नाक आणि गुडघे इथे तो सर्वांत आधी जातो. पॉलिश लावलं की उरलेलाही जातो. थर गेलेल्या जागी सोनेरी मार्करने भरलेलं टॉर्चच्या तिरक्या उजेडात चटकन कळतं: धातू आरशासारखा परावर्तित होतो, मार्कर मंद आणि पसरट.

रंग तपासताना केस, भुवया आणि बूट पाहा. कारखान्यात रंग झाकण लावून फवारलेला असल्याने त्याची कड थोडी धुरकट, पण सपाट असते. ब्रशचे फराटे, रंगाची जाड कड किंवा यूव्हीखाली वेगळाच उजळणारा तुकडा दिसला तर तो नंतर लावलेला. पण प्रत्येक फरक म्हणजे खोडसाळपणा नव्हे. हान सोलो लहान आणि मोठ्या अशा दोन डोक्यांत आला, बेनचे केस पांढरेही आहेत आणि करडेही. प्रकार माहीत नसले की अस्सल वस्तू हातची जाते.

कार्ड आणि बबल

कार्डावरच्या फिगर्सचं पहिलं काम म्हणजे मागची चित्रं मोजणं. मागे बारा फिगर दिसल्या तर 12-बॅक, वीस दिसल्या तर 20-बॅक, आणि बोबा आल्यावर 21. शेवटी 1985 च्या पॉवर ऑफ द फोर्स मालिकेत नाण्यासह 92-बॅक. फिगर तीच असली तरी कार्ड जितकं आधीचं तितकी मागणी साधारणपणे जास्त. तर्कही इथेच लागतो: ग्रीडो पहिल्या बारांत नव्हता, म्हणून 12-बॅक कार्डावरचा ग्रीडो संशयास्पद. नावंही बदलली: डेथ स्क्वाड कमांडर पुढे स्टार डिस्ट्रॉयर कमांडर झाला, सँड पीपल टस्कन रेडर. कार्डावरचं नाव आणि मागचा आकडा एकाच काळातले आहेत का ते जुळवा.

छपाई भिंगाखाली वाचा. मूळ ऑफसेट छपाईत रंगीत चित्र चार रंगांच्या ठिपक्यांच्या फुलांसारख्या नक्षीचं असतं, पण काळी अक्षरं सलग, भरीव असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची बनतात आणि चित्रात आडव्या लाटा उमटतात. इंकजेटचे ठिपके तर विस्कटलेल्या फवाऱ्यासारखे. यूव्हीखाली कार्ड भगभगीत निळं उजळलं तर कागद नवा असू शकतो, पण हा पुरावा एकट्याने पुरत नाही. कागद उजळवणारी रसायनं सत्तरच्या दशकातही वापरात होती.

बबल, म्हणजे फिगरवरचं पारदर्शक प्लास्टिकचं कवच, पुन्हा चिकटवला आहे का, हे कडेवरून कळतं. कारखान्यातली उष्णतेची पट्टी रुंदीला सारखी असते. नंतरच्या गोंदाचे थेंब, चकाकणारे ओघळ, कडेखाली फाटलेला आणि परत दाबलेला कागदाचा पापुद्रा तिरक्या उजेडात दिसतो. बबल स्वच्छ पारदर्शक आणि कार्ड मात्र तपकिरी पडलेलं, अशी जोडी असेल तर दोघांचं वय वेगळं असू शकतं. टांगायच्या भोकाचा तुकडा शाबूत असणं ही जमेची बाजू. भोक आतून कागद लावून बुजवलेलं आहे का ते मागून टॉर्च धरून पाहा.

नवे, मोठे सेट

6 इंची किंवा एकषष्ठांश, म्हणजे साधारण 30 सेंमीच्या फिगर्समध्ये काळजी वेगळी. कृत्रिम चामड्याचे कोट, बूट आणि पट्टे ओलाव्याने विघटित होऊन पापुद्रे सोडतात. कोपर आणि काख इथे बोटाने हलकं दाबून पाहा, बारीक भेगा दिसल्या की उलटगणती सुरू झालेली असते. सांध्यांवर रबराची कातडी असलेली फिगर वाकवून ठेवलेली असेल तर वळणावर चिरा शोधा. दिवे असलेल्या फिगरचं बॅटरीचं झाकण उघडायलाच हवं. संपर्कपट्टीवर हिरवा-पांढरा थर असेल तर दिवा आज लागला तरी उद्या लागेल असं नाही.

सुटे हात मोजायला विसरू नका. चार-पाच जोड्या, प्रत्येक शस्त्रासाठी वेगळी पकड, शिवाय मनगटाच्या जादा खुंट्या. खोक्यातल्या साच्यात प्रत्येक वस्तूसाठी खळगा असतो. रिकामा खळगा म्हणजे हरवलेली वस्तू. पुस्तिकेतलं चित्र आणि खळगे जुळवले की पाच मिनिटांत यादी पूर्ण होते.

दर्जा आणि भाव

एएफए (अ‍ॅक्शन फिगर ऑथॉरिटी) ही ग्रेडिंग संस्था 100 पैकी गुण देते. 85 ला संग्राहक फार चांगलं मानतात, 90 च्या वरचे जुने नमुने कमी. कार्डाच्या वस्तूंना कार्ड, बबल आणि फिगर यांचे वेगळे गुण असतात, आणि ते एकूण गुणापेक्षा जास्त बोलके. 80 चा नमुना कार्डामुळे खाली आला की बबलमुळे, हे तिथे कळतं. अ‍ॅक्रिलिक पेटीची जोडणी उघडलेली नाही आणि लेबलवरचं वर्णन आतल्या वस्तूशी जुळतं, एवढं तरी स्वतः तपासा.

भाव काढताना मागितलेल्या किमती बाजूला ठेवा, पूर्ण झालेल्या विक्री घ्या. गेल्या तीन महिन्यांतल्या, त्याच प्रकाराच्या आणि त्याच स्थितीतल्या किमान पाच. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा, उरलेल्यांची मधली किंमत धरा. प्रत्येक फिगरसाठी हे करून बेरीज करा. मग गायब आणि रिप्रो वस्तूंच्या जागी अस्सल वस्तू आणायचा खर्च टपालासह वजा करा. सुट्या फिगर्सचा गठ्ठा या बेरजेपेक्षाही कमीलाच जातो, कारण घेणाऱ्याला त्यातल्या निम्म्या नको असतात. कारखान्यातूनच एका खोक्यात बंद होऊन आलेला सेट याला अपवाद. तिथे खोकं फोडलं की किंमत घसरते, म्हणून सील शाबूत असेल तर ‘आत बघू’ हा आग्रह धरू नका.

दूरवरून घेत असाल तर प्रत्येक फिगरचे समोरून, मागून, पायावरच्या अक्षरांचा, केप काढून खांद्याचा आणि शस्त्राच्या दोन्ही बाजूंचा असे सहा फोटो मागा. एकाच फोटोत सगळा सेट आणि शेजारी हाताने लिहिलेली आजची तारीख हवी. रिप्रो भाग निघाल्यास परत घेण्याची अट पैसे देण्याआधी लेखी करून घ्या, आणि पार्सल उघडताना 27 नोंदींची तीच यादी समोर ठेवून एकेक वस्तू खुणेने मोजा.